नवीन काय आलं, हे ठरवतं कोण? वेब फीडचा छोटा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या विषयात अलीकडे नवीन काय आलंय?" उत्तर द्यायचं तर वाचत राहायला हवं, हे उघड आहे. पण जे वाचायचं ते आपल्यासमोर आणतं कोण? आज बहुतेक वेळा एखादा अल्गोरिदम. वेब फीडचा, म्हणजे आरएसएसचा इतिहास समजून घ्यायचा तो या प्रश्नासाठी.

ही अडचण इंटरनेटच्या आधीची आहे. 1950च्या दशकात युजीन गारफिल्ड यांनी 'करंट कंटेंट्स' सुरू केलं. त्यात वेगवेगळ्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका एकत्र छापलेल्या असत. त्या चाळायच्या आणि हवा तो निबंध मागवायचा. 1958 मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी वेगळी कल्पना मांडली. प्रत्येकाच्या कामाच्या विषयांची नोंद यंत्रात ठेवायची आणि नवीन मजकूर आला की तो ज्याच्या उपयोगाचा, त्याच्याकडे यंत्राने पाठवायचा. पहिल्या पद्धतीत निवड वाचकाची, दुसरीत यंत्राची. पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्येच फिरतो.

मार्च 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिब्बी यांनी आरएसएसची पहिली आवृत्ती केली. तसं पाहिलं तर फीड म्हणजे एक साधी फाइल: संकेतस्थळावरच्या ताज्या नोंदींची शीर्षकं, दुवे, थोडा मजकूर. आपला फीड रीडर ती फाइल ठरावीक वेळाने तपासतो आणि नवीन काही दिसलं की दाखवतो. ईमेल द्यायचा नाही, खातं उघडायचं नाही. नको झालं की यादीतून काढून टाकायचं.

नेटस्केपने लवकरच यातून लक्ष काढून घेतलं, आणि बाहेरच्या लोकांनी काम पुढे नेलं. डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीच्या लेखकांमध्ये 14 वर्षांचा ॲरन स्वार्ट्झ होता. डेव्ह वायनर यांनी दुसरी वाट धरली, त्यांची 2.0 आवृत्ती 2002 मध्ये आली. दोन्ही गटांत भरपूर भांडणं झाली, पण स्वरूप कुणा एका कंपनीच्या ताब्यात राहिलं नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

शिक्षणात याचा सर्वात धाडसी वापर 2008 मध्ये झाला. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स शिकवत होते. फी भरलेले विद्यार्थी सुमारे 25, आणि मोफत सामील झालेले 2,200 च्या आसपास! हे लोक आपापल्या जागी लिहायचे, डाउन्स यांचं सॉफ्टवेअर त्यांच्या फीडमधून ते लेखन गोळा करायचं आणि रोज एक वार्तापत्र सगळ्यांना जायचं. एरवी विद्यार्थी शिक्षकाच्या जागी जातो. इथे अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या जागी जात होता. 'मूक' हे नाव याच प्रयोगाच्या निमित्ताने आलं. मात्र त्याचं गुणगान करून थांबू नका. जेनी मॅकनेस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की स्वातंत्र्य भरपूर आणि आधार कमी, अशा स्थितीत अनेकांना शिकणं अवघडही गेलं. निवड वाचकाकडे आली की निवडण्याचं ओझंही त्याच्याकडेच येतं.

मग 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झालं. वापर घटलाय, असं कंपनीने सांगितलं. तेव्हापासून "आरएसएस मेलं" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. संशोधक म्हणून इथे थोडं थांबा. मेलं नेमकं काय? एक साधन बंद झालं, स्वरूप टिकलं. लोकांनी आपल्या फीडची यादी उचलली आणि दुसऱ्या रीडरमध्ये नेली. हे शक्य झालं, कारण स्वरूप कंपनीच्या मालकीचं नव्हतं. पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना साधन, स्वरूप आणि लोकांची सवय या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. सवय मात्र खरंच बदलली: वाचक समाजमाध्यमांकडे गेले आणि निवड पुन्हा लूनच्या टोकाला सरकली.

दुसरा धडा साधनांविषयीचा. फीडमध्ये सहसा ताज्या नोंदीच असतात. वर्डप्रेसमध्ये मूळ सेटिंग 10 नोंदींचं आहे. जुनं आपोआप खाली पडतं. म्हणजे या काळातल्या ऑनलाइन शिक्षणाचा इतिहास लिहायचा असेल तर फीड हा पुरावा पुरेसा नाही. कुणी काय जपून ठेवलं, यावर आपला इतिहास उभा राहतो.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या विषयातल्या दोन-तीन नियतकालिकांची फीड घ्या. विषय वैद्यक किंवा जीवशास्त्राचा असेल तर पबमेडवर आपल्या शोधाचंच फीड करता येतं. भौतिकशास्त्र, गणितवाल्यांना आर्काइव्हवर विषयवार फीड मिळतात. यादी छोटी ठेवा, दर सहामाहीला तपासा आणि तिची ओपीएमएल फाइल जपून ठेवा. दोन वर्षांनी साहित्य आढावा लिहायला बसाल तेव्हा आपण काय वाचायचं ठरवलं होतं आणि काय सोडून दिलं होतं, हे त्या जुन्या फाइल्स सांगतील. अल्गोरिदमने दाखवलेल्या गोष्टींची अशी यादी तुमच्या हातात नसते.