शिफारशींवर पहारा

वणव्यानंतर चौकशी आयोग नेमायची सवय ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याला जुनीच. १९३९च्या उन्हाळ्यात वणव्यांनी ७१ बळी घेतले, तेव्हा न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांनी सरकारची चांगलीच खरडपट्टी काढली. गावोगावच्या अग्निशमनाची सूत्रं एकाच यंत्रणेकडे द्या, हे त्यांचं सांगणं मात्र दप्तरात पडून राहिलं. फेब्रुवारी १९४४मध्ये यलूर्नची कोळसा खाण पेटली, स्ट्रेटन यांना पुन्हा बोलावणं आलं आणि १९४५मध्ये कुठे ‘कंट्री फायर अथॉरिटी’ उभी राहिली. मधली वर्षं कुठे गेली, हे सरकारला विचारायचं काम कुणाकडेच नव्हतं.

७ फेब्रुवारी २००९ला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला. किल्मोर ईस्टजवळ ४३ वर्षं जुनी एकेरी वीजवाहिनी तुटली. टोकाची जोडणी खोबणीत नीट बसलेली नव्हती, तार झिजत गेली होती. त्या एका आगीत ११९ जण गेले, राज्यभरात १७३.

न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या आयोगाने १५५ दिवस सुनावण्या घेऊन ६७ शिफारशी केल्या. त्यातली ६६वी बेरकी होती: बाकीच्यांचं काय झालं ते पाहायला स्वतंत्र माणूस नेमा, किंवा महालेखापरीक्षकांना सांगा, आणि ३१ जुलै २०१२पर्यंत विधिमंडळाला व जनतेला अहवाल द्या. आपल्या अहवालाचं पुढे काय होतं, हे आयोगाला पुरतं ठाऊक असावं!

हे काम माजी पोलिसप्रमुख नील कॉम्री यांच्याकडे आलं. खात्यांनी पाठवलेल्या कागदांवर ‘पूर्ण’चे शिक्के मारून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी एका शिफारशीवरच बोट ठेवलं. दरवर्षी सरकारी जमिनीपैकी किमान ५ टक्के, म्हणजे जवळपास ३,९०,००० हेक्टर रान वणव्याला इंधन कमी मिळावं म्हणून ठरवून जाळावं, असं आयोगाने म्हटलं होतं. हे झेपेल का, परवडेल का, टिकेल का, अशी शंका कॉम्रींनी जाहीरपणे घेतली. शंका रास्त होती. आकडा गाठायचाच म्हटलं, तर माणसांपासून दूर, मॅली भागातल्या ओसाड झुडपांत मोठमोठे पट्टे जाळणं सोपं. डोंगरातल्या वस्त्यांलगतचं रान अवघड, धुराच्या तक्रारींचं, म्हणून ते मागे पडणार.

जुलै २०१४पासून अशा पहाऱ्यासाठी कायद्यानेच ‘आपत्ती व्यवस्थापन महानिरीक्षक’ हे कायमचं पद आलं. या कार्यालयाने २०१५मध्ये जाळण्याच्या उद्दिष्टाची फेरतपासणी केली आणि सरकारने हेक्टरांचा हिशेब सोडून दिला. आता रान साफ केल्यावर गावांना वणव्याचा किती धोका उरतो, ते मोजतात. रान साफच केलं नसतं तर जो धोका असता, त्याच्या ७० टक्क्यांच्या वर तो राज्यभरात जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं आहे.