एम्प्रेस मिल, नागपूर : 'आदर्श' गिरणी आणि तिचा विसरलेला पहिला संप

१/
नवी कंपनी उभारताना कामाच्या ठिकाणचे वातावरण कसे घडवावे, या चर्चेत जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण हमखास निघते. ते यथार्थही आहे. परंतु ही कथा सांगताना तिचा पहिला अध्याय बहुधा वगळला जातो. तो अध्याय संपाचा आहे. तेथूनच सुरुवात केली, तर पुढचे सारे अधिक नीट उमगते. #थ्रेड

२/
१८७४ साली 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन झाली. भांडवल १५ लाख रुपये. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, हे समीकरण रूढ होते. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वेही पोहोचली होती.

३/
जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली आणि तेथे भराव घालण्याचे काम सुरू झाले. जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला पैसा कोण देणार, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने हात आखडता घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे त्यानेच कबुली दिली म्हणतात, की या गृहस्थाने जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले.

४/
१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला 'भारताची सम्राज्ञी' म्हणून घोषित करण्यात आले. गिरणीचे नाव त्यावरूनच पडले. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडधंद्याचा अनुभव शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रूक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे होती. धंदा शिकवता येतो, माणसे सांभाळण्याचा स्वभाव शिकवता येत नाही, असाच काहीसा हिशेब या निवडीमागे दिसतो.

५/
आणि त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरांवरून या गिरणीतील कामगारांनी संप केला. भारतातील कारखान्यांच्या इतिहासात नोंदलेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. तेव्हा कामगार संघटना नव्हती. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, कामगार संघटनांचा कायदा तर १९२६ चा. म्हणजे कायद्याचे पाठबळ नसताना, पुढारी नसताना, माणसे यंत्रे सोडून उभी राहिली.

६/
व्यवस्थापनापुढे दुसरा प्रश्न होता खाड्यांचा. कामगार वरचेवर गैरहजर राहत. मालकवर्गाकडे याचे तयार उत्तर असे : हे लोक आळशी आहेत. पण हे लोक होते कोण? गिरणीत येणाऱ्यांमध्ये कोष्टी होते, महार होते, आसपासच्या गावांतले शेतमजूर होते. घरच्या मागावर बसणारा विणकर आपल्या दिवसाचा धनी असतो. शेतमजुराचा दिवस हंगामावर चालतो. भोंग्यावर चालणारा दिवस या दोघांनाही परका होता.

७/
अशा वेळी गिरण्यांमध्ये रुळलेली साधने ठरलेली होती : दंड, पगारकपात, मुकादमाचा धाक आणि अखेरीस हकालपट्टी. नागपुरात जमशेटजींनी निराळी वाट धरली. माणूस कामावर का येत नाही, याऐवजी त्याने कामावर का यावे, हा प्रश्न त्यांनी समोर ठेवला. नियमित हजेरीसाठी बक्षिसे सुरू झाली, कामगारांसाठी खेळांचे कार्यक्रम होऊ लागले.

८/
याहून महत्त्वाचे बदल इमारतीत आणि हिशेबाच्या वहीत झाले. गिरणीत वायुवीजनाची सोय झाली. हवेतील दमटपणा राखणारी यंत्रे आली. त्यांनी सूत कमी तुटते. आग विझवणारे फवारे बसले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी होणाऱ्या कामगाराला भरपाई मिळू लागली. सरकारने यांपैकी काहीही मागितले नव्हते. १८८१ च्या कायद्याचा भर मुख्यतः बालकामगारांवर होता.

९/
येथे क्षणभर मुंबईकडे वळणे आवश्यक आहे. कारण हाच विषय तेथे कामगारांच्या तोंडून मांडला जात होता. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार.

१०/
त्यातच आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्मभराचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी.

आता तीन वर्षे ओळीने ठेवून पाहा.
१८८४ : मुंबईत कामगारांनी ते मागितले.
१८९५ : नागपुरात एका मालकाने आपल्या कामगारांपुरते ते दिले.
१९२३ : कामगार नुकसानभरपाई कायद्याने ते हक्क म्हणून मान्य झाले.

११/
या तीन टप्प्यांपैकी एकच उचलला, की इतिहास एकांगी होतो. केवळ १८९५ सांगितले, तर सारे काही थोर मालकाच्या औदार्यातून आले असे वाटते. केवळ १८८४ आणि १९२३ सांगितले, तर कायद्याच्या कितीतरी आधी हे व्यवहारात उतरवून दाखवणाऱ्याचे श्रेय हरवते. रविवारची सुट्टीही मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली ती लोखंडे यांच्या चळवळीनंतर.

१२/
खुद्द जमशेटजींनी औदार्याचा दावा केलेला नाही, हे विशेष. १८९५ मध्ये गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले, त्याचा आशय असा : आम्ही इतरांहून अधिक निःस्वार्थी आहोत असे नाही, आमची तत्त्वे धंद्याचीच आहेत आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आमच्या भरभराटीचा भक्कम पाया आहे, असे आम्ही मानतो.

१३/
हे विधान थंड वाटेल, पण त्यात एक मोठा प्रामाणिकपणा आहे. उपकार म्हणून दिलेली गोष्ट मंदी आली की मागे घेता येते. धंद्याचा पाया म्हणून दिलेली गोष्ट काढताना इमारत हलते. म्हणूनच एम्प्रेस मिलच्या योजनांमध्ये बक्षिसांपेक्षा निवृत्तिवेतन मोठे. बक्षीस आजच्या हजेरीचे मोल करते. निवृत्तिवेतन हजेरीपुस्तकातून नाव गेल्यानंतरच्या माणसाचाही विचार करते.

१४/
तरीही मालकाच्या सद्बुद्धीला मर्यादा असतात. विसाव्या शतकात नागपूरच्या गिरणी कामगारांनी संघटना बांधली, रामभाऊ रुईकरांसारखे नेते पुढे आले, संप झाले. कल्याणयोजना असूनही कामगारांना स्वतःचा आवाज हवाच होता. १९८६ मध्ये गिरणी टाटांकडून राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. एका गिरणीची रीत त्या गिरणीबरोबर संपली; १९२३ चा कायदा आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा मात्र देशभरच्या कामगारांसाठी उरले.

१५/
आज नवी कंपनी काढणाऱ्याने एम्प्रेस मिलकडून काय घ्यावे? माझ्या मते, घड्याळांची बक्षिसे किंवा खेळांचे दिवस नव्हेत. ते सोपे आहे. घेण्यासारखा आहे तो १८७७ ते १८९५ हा १८ वर्षांचा प्रवास. पहिल्याच वर्षी कामगारांनी संप केलेल्या गिरणीचे नाव पुढे त्यांच्या कल्याणासाठी घेतले गेले. पहिला असंतोष म्हणजे नव्या संस्थेचे अपयश नव्हे. त्यावर मुकादम पाठवायचा की हवा, पगार आणि म्हातारपण यांचा विचार करायचा, यावर तिथले वातावरण ठरते.

१६/
आणि कामगाराच्या बाजूने पाहता, आणखी एक नोंद. बेझनजी, ब्रूक्सबी, जमशेटजी ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. १८७७ मध्ये नागपुरात यंत्रे सोडून उभ्या राहिलेल्यांपैकी एकाचेही नाव रूढ इतिहासकथनात येत नाही. या गिरणीची कथा पुन्हा कुठे सांगाल, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करावी, एवढीच विनंती. (समाप्त)