निकियाचा मतांगीकार, उज्जैनपर्यंत

उज्जैनला गेलं की क्षिप्रेकाठची वेधशाळा पाहावीच. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा मोडकळीला आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. गणितात बारीकशी चूक राहिली तर ती वर्षागणिक साचते आणि शेवटी सण भलत्याच दिवशी येतो, हे या गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेतही अशी चूक साचू शकते. ती साचू नये म्हणून जे शब्द ठरवले गेले, ते उज्जैनच्या चर्चमध्ये रविवारी उभं राहून हिंदीत म्हणतात. मराठी चर्चमध्ये त्यांना मतांगीकार म्हणतात. हे शब्द इथवर कुठून आले, ते मागे जात पाहू.

उज्जैनचा सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या सुरियानी परंपरेच्या कॅथलिक चर्चचा, धर्मप्रांत तसा तरुण. १९६८ साली हे मिशनक्षेत्र आखून केरळातल्या संत थॉमस मिशनरी सोसायटीकडे सोपवलं गेलं आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ज्या केरळी पुरोहितांनी इथे हिंदीत उपासना सुरू केली, त्यांच्या स्वतःच्या गावात १९६२ पर्यंत ती सुरियानीत चाले. म्हणजे हिंदीमागे मल्याळम, मल्याळममागे सुरियानी.

आणि सुरियानीपाशी आलं की एक जखम लागते. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या केरळी ख्रिस्तींच्या सुरियानी ग्रंथांत नेस्तोरियसची पाखंडी शिकवण आहे, असा आरोप ठेवून ग्रंथ दुरुस्त करायला किंवा जाळायला लावले. शुद्ध सिद्धांताची मला मनापासून कदर आहे, म्हणूनच ही गोष्ट फार लागते. नेस्तोरियसवरचा हा वाद मूळचा ४३१ सालच्या इफिससच्या धर्मसभेतला: मरियेला ‘देवाची माता’ म्हणावं की ‘ख्रिस्ताची माता’? ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि ‘ख्रिस्ताची माता’ म्हणणाऱ्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका घोषणेवर सह्या केल्या आणि दोन्ही संबोधनांमागची श्रद्धा एकच आहे, हे मान्य केलं. उदयंपेरूरनंतर ३९५ वर्षांनी. ग्रंथ जाळण्याऐवजी नीट वाचले असते तर?

आता उगमाकडे. इ.स. ३२५, निकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. अलेक्झांड्रियाचा आरियस हा धर्मगुरू शिकवत होता की देवाचा पुत्र ख्रिस्त श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेलाच. सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना बोलावलं. ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी पाळावा, हेही तिथेच ठरलं. पंचांगाचा प्रश्न तिथेही होताच. पण मुख्य निर्णय एका ग्रीक शब्दाचा: पुत्र पित्याशी ‘होमोऊसियोस’, त्याच तत्त्वाचा. पुढे काहींनी तडजोड सुचवली, ‘होमोइऊसियोस’, म्हणजे तत्सदृश. ग्रीकमध्ये एका अक्षराचा फरक. ‘होमोऊसियोस’साठी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस पाच वेळा हद्दपार झाला. तो हटवादी होता का? मला नाही वाटत. पुत्र देवासारखा कुणी दुसराच असेल, तर क्रुसावर देव स्वतः आला नाही, त्याने कुणाला तरी पाठवलं. मग दुःखात पडलेल्या माणसाने कुणाचा हात धरायचा? सगळी श्रद्धा त्या अक्षरावर उभी आहे. मतांगीकाराचा पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये वाढवला गेला.

हे अक्षर मराठी मनालाही अडलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर त्या त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून झगडल्या. न समजलेलं वचन तोंडाने म्हणायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्या शंका फेडायला नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे काशीत शास्त्राध्ययन केलेले नीळकंठशास्त्री, कामी आले. सिद्धांताला इतक्या गंभीरपणे घेणाऱ्या त्या बाईला हट्टी म्हणणारे तेव्हाही होते. माझ्या लेखी मतांगीकाराचा मान त्यांनीच राखला.

उज्जैनात आज तोच प्रश्न हिंदीतून उभा राहतो. देव माणूस झाला, हे सांगायला सर्वांत सोपा शब्द ‘अवतार’. पण कृष्णाने जिथे सांदीपनींकडे विद्या घेतली असं लोक मानतात, त्या गावात तो शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात दशावतारांची मालिका उभी राहते, युगायुगाला येणारी आणि कार्य संपल्यावर परतणारी. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की हे एकदाच घडलं आणि ते मनुष्यपण त्याने टाकून दिलं नाही. म्हणून मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्याला इथे सोपा शब्द बाजूला ठेवून ‘देहधारण’ म्हणावं लागतं, आणि मग त्याचा अर्थ समजावत बसावं लागतं.