लॅंगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन, १९४२ : एका निषिद्ध सायकल शर्यतीची गोष्ट

१/
मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्यापैकी अनेकांनी रस्त्याकडेला उभे राहून पाहिली असेल. बोरघाटाच्या चढणीवर स्वारांचा घोळका फुटतो आणि माथ्यावर पहिला पोचणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे, की त्यात कुणाला काही आक्षेपार्ह वाटेल अशी कल्पनाही मनात येत नाही. पण ब्रिटनमध्ये सुमारे अर्धे शतक अशी शर्यत भरवणाऱ्याला आणि तीत उतरणाऱ्याला क्रीडाजगतातून बहिष्कृत केले जाई. आजचा धागा त्या बंदीविषयी आणि ती मोडणाऱ्या चाळीस हौशी स्वारांविषयी.

२/
प्रारंभी चित्र अगदी उलटे होते. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रूआँ ही शहराकडून शहराकडे जाणारी शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रजाने जिंकली. १८९१ साली बोर्दो ते पॅरिस ही सुमारे ५७० किलोमीटरची शर्यत केवळ हौशी स्वारांसाठी भरली. आयोजकांनी वाटेत जेवणाची आणि झोपण्याची सोय केली होती. इंग्लंडचा जी. पी. मिल्स न झोपता साडेसव्वीस तासांत पॅरिसला पोचला. पहिले चारही क्रमांक ब्रिटिशांचे होते.

३/
मग रस्त्यावरच्या शर्यतीत अग्रेसर असलेल्या या देशानेच तिच्याकडे पाठ का फिरवली? याचे उत्तर भीतीत आहे. त्या काळी रस्ता घोड्यांचा आणि बग्ग्यांचा होता. सायकलस्वार हा नवा, वेगवान आणि अनेकांच्या डोळ्यांत सलणारा प्राणी होता. १८९४ साली नॉर्थ रोड क्लबची पन्नास मैलांची शर्यत चालू असताना एका महिलेच्या गाडीचा घोडा बुजला, स्वार कोसळले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

४/
‘नॅशनल सायकलिस्ट्स युनियन’ या सायकलपटूंच्या मध्यवर्ती संस्थेला वाटले, की असे प्रसंग वाढले तर सरकार सायकलींनाच रस्त्यावरून हद्दपार करील. म्हणून तिने सभासदांना सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती करण्यास मनाई केली. एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही बंदी संसदेने घातलेली नव्हती. सरकारने हात उगारण्याआधीच खेळाडूंच्या संस्थेने स्वतःच्या खेळाला घातलेली ती वेसण होती.

५/
पण शर्यतीची हौस अशी सरते थोडीच! फ्रेडरिक बिडलेक या गृहस्थाने १८९५ साली एक तोड काढली. स्वारांनी ठरावीक अंतराने एकेकटे सुटायचे, घड्याळाशी झुंजायचे आणि शेवटी वेळांची तुलना करायची. हीच टाइम ट्रायल. बाहेरच्या माणसाला शर्यत चालू असल्याचा सुगावाही लागू नये अशी दक्षता घेतली जाई. भल्या पहाटे सुरुवात, अंगात काळे कपडे, मार्गांना सांकेतिक नावे आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘खासगी व गोपनीय’ असा शेरा.

६/
यातून ब्रिटनमध्ये एकट्याने दौडणारे उत्तम स्वार तयार झाले. घोळक्यातली विद्या मात्र लोप पावली. ती विद्या वेगळीच असते. पुढच्याच्या मागे चाकाला चाक भिडवून चालले, तर वाऱ्याचा मारा बराच कमी होतो. त्यामुळे कुणाच्या आडोशाला राहायचे, आघाडीवर किती वेळ झिजायचे, कुठल्या चढावर हल्ला करायचा आणि कुणाला सोडून द्यायचे, हे प्रश्न पायांइतकेच डोक्यानेही सोडवावे लागतात. टाइम ट्रायलमध्ये हे प्रश्न उद्भवतच नाहीत.

७/
वुल्व्हरहॅम्प्टनच्या पर्सी स्टॅलार्डला हे अंतर स्वतःच्या अनुभवाने कळले होते. १९०९ साली जन्मलेला हा माणूस सायकलीच्या दुकानातच वाढला. १९३३ पासून सलग तीन वर्षे तो जागतिक हौशी अजिंक्यपद स्पर्धेत ब्रिटनकडून उतरला. तिथे इतर देशांचे तरुण घोळक्यातून वाट काढण्याचे शिक्षण खऱ्या रस्त्यांवर घेऊन आलेले असत. ब्रिटिशांच्या वाट्याला मायदेशी फार तर मोटारशर्यतीचे बंदिस्त मार्ग येत.

८/
मग महायुद्ध आले. पेट्रोलवर कडक नियंत्रण आले आणि रस्त्यांवरच्या मोटारी विरळ झाल्या. १९४१ च्या अखेरीस स्टॅलार्डने युनियनला पत्र लिहिले. रस्त्यावर शर्यत भरवण्यास याहून अनुकूल काळ कोणता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. युनियन बधली नाही. घोडा बुजल्याला जवळजवळ पन्नास वर्षे उलटली होती, रस्त्यांवरून घोडेही दिसेनासे होत चालले होते. भय मात्र जागच्या जागी होते.

९/
तेव्हा स्टॅलार्डने परवानगीची वाट पाहणे सोडून दिले. वेल्समधील लॅंगॉलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांचा, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटरचा मार्ग त्याने आखला. वाटेतल्या पोलीस अधिकाऱ्यांना आधीच भेटून त्यांची संमती मिळवली. ‘एक्स्प्रेस अँड स्टार’ या स्थानिक वृत्तपत्राचे पाठबळ घेतले आणि उत्पन्न सैनिकांच्या साहाय्यनिधीला देण्याचे ठरवले. ज्या पोलिसांच्या धाकाने युनियनने बंदी घातली होती, त्या पोलिसांची हरकत नव्हती. हरकत उरली होती ती एकट्या युनियनची.

१०/
इथे त्या चाळीस स्वारांचा विचार करा. हे हौशी खेळाडू होते. आठवडाभर पोटापाण्याचा उद्योग आणि रविवारी सायकल, असे त्यांचे जीवन होते. जिंकून श्रीमंत होण्याचा प्रश्नच नव्हता. गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते. मान्यता काढून घेतली गेली, की टाइम ट्रायल बंद, ट्रॅकवरच्या शर्यती बंद, वर्षानुवर्षांच्या सोबत्यांबरोबरची स्पर्धा बंद. केवळ हौसेखातर सायकल चालवणाऱ्याकडून ती हौसच हिरावून घेण्याची ही शिक्षा होती. ते सारे जाणूनही चाळीस जण आले.

११/
७ जून १९४२, रविवार. लॅंगॉलेनहून चाळीस जण एकत्र सुटले. वेल्सच्या डोंगरांतून इंग्लंडच्या मध्य प्रांताकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर वेग असा राहिला, की शेवटपर्यंत पंधराच जण टिकले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या वेस्ट पार्कपाशी हजाराहून अधिक लोक जमले होते. गणवेशातले पोलीस तिथे हजर होते. शर्यत अडवण्याऐवजी ते स्वारांसाठी गर्दी आवरत होते.

१२/
वुल्व्हरहॅम्प्टनच्याच ॲल्बर्ट प्राइसने २ तास २५ मिनिटे २० सेकंदांत शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास पडतो. ज्या अनर्थाच्या भाकितावर बंदी उभी होती, तो घडला नाही. तरीही युनियनने स्टॅलार्डला बेमुदत निलंबित केले. स्वारांवरही कारवाई झाली.

१३/
बहिष्कृतांनी मग स्वतःचे घर बांधले. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढची सतरा वर्षे ब्रिटिश सायकलिंग उभे दुभंगले. एका संस्थेच्या स्वाराला दुसरीच्या शर्यतीत मज्जाव होता. लीगचे तरुण युरोपीय धाटणीचे रंगीत जर्सी घालून रस्त्यावर दिसत आणि एकमेकांना ‘अप द लीग!’ अशी साद घालत. काळ्या कपड्यांत लपूनछपून पळणाऱ्यांच्या देशात हा रंगही एक घोषणाच होता.

१४/
युद्ध संपताच, १९४५ साली, लीगने ब्रायटन ते ग्लासगो अशी पाच टप्प्यांची शर्यत भरवली. ती रोबेर बातो या फ्रेंच स्वाराने जिंकली. ब्रिटिशांना अजून बरेच शिकायचे होते, आणि ते शिकलेही. वॉर्सा, बर्लिन आणि प्राग यांना जोडणारी ‘शांतता शर्यत’ ही पूर्व युरोपातील हौशी स्वारांची अत्यंत खडतर स्पर्धा होती. तिचे अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक होते. १९५२ साली लीगच्या इयन स्टीलने ती जिंकली. सांघिक विजेतेपदही ब्रिटिश चमूलाच मिळाले. लॅंगॉलेनच्या त्या रविवारानंतर अवघ्या दहा वर्षांत हे घडले.

१५/
१९५९ साली दोन्ही संस्था एकत्र येऊन ‘ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन’ झाली. १९६० मध्ये सरकारने रस्त्यांवरील सायकल शर्यतींसाठी रीतसर नियम केले. ज्या सरकारच्या धास्तीने खेळाने स्वतःला कोंडून घेतले होते, त्याने अखेर बंदी घालण्याऐवजी चौकट आखून दिली.

१६/
स्टॅलार्डला मात्र या विलीनीकरणाचा आनंद झाला नाही. त्याच्या दृष्टीने तो विश्वासघात होता. ज्यांनी बहिष्कार टाकला त्यांच्याशी हातमिळवणी त्याला अखेरपर्यंत रुचली नाही. २००१ साली वयाच्या ९२ व्या वर्षी तो वारला. बंडखोरांना विजयही सहजी पचत नाही, हे इतिहासात आपण वारंवार पाहतो.

१७/
युनियनच्या माणसांना आपण खलनायक ठरवू नये. १८९४ साली त्यांची भीती खरी होती आणि त्यांचा हेतू सायकल वाचवण्याचाच होता. चूक झाली ती पुढे. परिस्थिती बदलली, तरी नियम कशासाठी केला होता हे कुणी पुन्हा विचारले नाही. तो प्रश्न विचारायला चाळीस हौशी माणसांना आपल्या रविवारांचे मोल मोजावे लागले.

१८/
पुढच्या वेळी घाटात स्वारांचा घोळका दिसला, की टाळी वाजवताना त्या चाळीस जणांनाही आठवा. धागा समाप्त. आवडल्यास सायकलवेड्या मित्रांपर्यंत अवश्य पोचवा.