कागजीपुऱ्याचा कागद

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादेकडे निघालेल्या प्रवाशाचे चित्त वेरूळच्या लेण्यांकडे लागलेले असते. त्यामुळे वाटेवरच्या कागजीपुरा नावाच्या लहानशा गावी घटकाभर थांबावे असे त्याला सहसा सुचत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस हलविली, तेव्हा त्या लवाजम्यासमवेत आलेले कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, येथे वसले, अशी परंपरा आहे. चीनमध्ये जन्मलेली आणि समरकंदच्या वाटेने पश्चिमेस पसरलेली ही विद्या मुळात परदेशीच. परंतु चिंध्या इथल्या, पाणी इथले आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक इथले, म्हणून दौलताबादी कागद दख्खनचा स्वदेशी माल झाला.

चिंध्या नि जुने दोरखंड चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. तो लगदा हौदाच्या पाण्यात कालवून गवती काड्यांच्या चाळणीवर अलगद उचलायचा. वाळलेल्या तावाला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने तो चकाकेपर्यंत घोटायचा. खळीत किंवा घोटाईत कसूर झाली, की बोरूची शाई फुटे आणि मोडीचे वळण बिघडे. तेव्हा कागदाची खरी पारख दफ्तरातल्या कारकुनालाच असे. सनदा, महजर, जमाखर्चाचे ताळेबंद यांच्या नित्य मागणीवरच कागदी जगला.

एकोणिसाव्या शतकात यंत्राचा कागद आला. तो स्वस्त होता, एकसारखा होता, हवा तितका मिळे. सरकारी कचेऱ्यांनी तो पत्करला आणि मागोमाग सावकारांच्या वह्याही बदलल्या. गिऱ्हाइकाला मी सर्वस्वी दोषी म्हणणार नाही. तथापि पुढे लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागलेला तो कागद पिवळा पडून कडांनी मोडू लागतो, आणि त्याच्या कितीतरी आधीचे चिंध्यांचे कागद आजही मऊपणे उलगडतात. ही किंमत त्या वेळी कोणत्याच हिशेबात धरली गेली नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाचा कैवार घेतला खरा. पण एकवार सुटलेले दफ्तर परत मिळाले नाही.

कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. त्याचा ताव उन्हाकडे धरला, म्हणजे चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेघा त्यात दिसतात.