शेंदूर, शिसे आणि खोटे सोने

‘मिनिएचर’ या शब्दातला ‘मिनि’ म्हणजे लहान, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मूळ शब्द मात्र लॅटिन ‘मिनियम’, म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतली आद्याक्षरे शेंदराने रंगवीत. त्या कामावरून हा शब्द आला आणि ‘लहान’ हा अर्थ त्याला पुढे उच्चारसाम्याने चिकटला. शेंदूर हा शिशाचा. त्यामुळे विसाव्या शतकात शिशाच्या बोटभर योद्ध्यांना, राक्षसांना आणि ड्रॅगनांना हे नाव मिळाले, तेव्हा शब्द नकळत माहेरी आला असेच मला वाटते.

या मूर्तींचे एक घराणे न्यूरेंबर्गच्या चपट्या कथील-सैनिकांपर्यंत मागे जाते. एर्न्स्ट हाइनरिक्सन यांनी तिथे १८३९ मध्ये कारखाना काढला आणि त्यांची सुमारे ३० मिलिमीटर उंचीची मूर्ती पुढे प्रमाण मानली गेली. ही मूर्ती जवळजवळ पत्र्यासारखी. घोड्याच्या पोटाखालचा काळोख, अंगरख्याची घडी, गालाचा उंचवटा, सगळे रंगानेच दाखवायचे. १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हे खेळ आले आणि कल्पित जगांतल्या भरीव मूर्तींना मागणी वाढली. भरीव मूर्तीला स्वतःची सावली असते. मग ती रंगवायची कशाला? कारण इतक्या लहान आकारावर घरातल्या उजेडाची सावली दिसण्याइतकी पडतच नाही. म्हणून घडीचा तळ गडद आणि कड उजळ करावी लागते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी नटाच्या भुवया जाड करणाऱ्या रंगभूषाकाराला हे वेगळे सांगायला नको.

छटा एकमेकींत मुरवण्याची रीत रंगाच्या जातीवर ठरते. तैलरंग तासन्‌तास ओला राहतो. दोन छटा शेजारी लावून कोरड्या कुंचल्याने त्यांची सीमा पुसता येते. पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतो, आणि वाळला की पुन्हा विरघळत नाही. त्यामुळे अ‍ॅक्रिलिकवाल्यांनी वेगळी वाट धरली: रंग दुधापेक्षा पातळ करायचा, थरावर थर द्यायचा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोड्या कमी जागेवर. रंग वाळू नये म्हणून ओल्या स्पंजावर कागद पसरून त्यावरच तो कालवायचा. घाई करणाऱ्याच्या मूर्तीवर छटांच्या पायऱ्या दिसतात.

खरा वाद आहे तो धातूचा. चिलखत रंगवायला धातुरंग मिळतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे किंवा लेप दिलेल्या अभ्रकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते खराच उजेड परतवतात. दुसरा पंथ या कणांना हातही लावत नाही. तपकिरी, पिवळा आणि जवळजवळ पांढरा एवढ्यांवर तो सोने उभे करतो. फ्रान्समधल्या राखाम कंपनीच्या मूर्तींनी शतकाच्या वळणावर हा पंथ विशेष गाजवला.

पण हा वाद निदान १४३५ इतका जुना आहे. सोन्याचा वर्ख कसा चिकटवावा आणि घोटावा, त्यासाठी कुत्र्याचा दातही कसा चालतो, हे चेन्निनो चेन्निनी यांनी त्याच्या काही दशके आधी तपशिलाने लिहिले होते. लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती यांनी ‘चित्रकलेविषयी’ या ग्रंथात नेमका उलटा सल्ला दिला. चित्रात सोने दाखवायचे तर ते रंगानेच दाखवावे, त्यातच चित्रकाराची खरी वाहवा आहे. त्यांचे हे कौतुकाचे कारण सगळे सांगतात. त्यांनी दिलेले दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते: सपाट फळीवर खरे सोने जिथे काळोख हवा तिथे चमकते, आणि जिथे झळाळी हवी तिथे काळे पडते.

सपाट फळीवर, हे विसरून चालणार नाही. मूर्ती हातात फिरते, आणि ती फिरवली की धातुरंगाची चमकही तिच्याबरोबर सरकते. रंगवलेले सोने मात्र एकाच कोनातून सोने असते. मान थोडी वळवली की ते पिवळे कापड होते. शिवाय धातुरंगवाल्यांनी अल्बेर्तींच्या आक्षेपाला उत्तरही शोधले आहे: खोबणीत तपकिरी शाईचा पातळ थर देऊन तिथली चमक मारायची. मग बिनधातूचा पंथ एवढा फोफावला कसा? माझ्या मते छायाचित्रामुळे. कॅमेरा मूर्तीला पुन्हा सपाट फळी करतो, कोन कायमचा ठरवून टाकतो, आणि अल्बेर्ती पुन्हा बरोबर ठरतात. मासिकात मूर्ती पाहणाऱ्यांना ती हातात घ्यायची नव्हतीच. मला स्वतःला धातुरंगच पटतो, आणि तो मागासलेला म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

शिशाचे काय झाले, तेही सांगायला हवे. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या खेळण्यांवर बंदीची हालचाल झाली आणि सिनसिनाटीच्या राल पार्थाने बिनशिशाची मिश्रधातू आणली. पुढे कथिलाची, राळेची, प्लॅस्टिकची मूर्ती आली. कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची रंगवणाऱ्यांची जुनी सवय मात्र अजून गेलेली नाही.