पोलादातील पोकळ्या

वेगवान न्यूट्रॉन घन पदार्थातील अणूंना जागेवरून ढकलतील, हे यूजीन विग्नर यांनी १९४२ मध्येच ओळखले होते. पुढे स्कॉटलंडमधील डूनरे येथील अणुभट्टीत इंधनाच्या वेष्टणासाठी वापरलेले स्टेनलेस स्टील कॉथॉर्न व फुल्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या आहेत. पोलाद चक्क फुगले होते!

असे का व्हावे? वर्गातील काही मुले बाकांवरून उठवली, तर जितकी मुले उभी तितक्याच जागा रिकाम्या. अणूंचेही तसेच. पण उठलेले अणू स्फटिकातील रेषीय दोषांकडे जरा अधिक ओढले जातात आणि तेथे सामावतात. मागे उरलेल्या रिकाम्या जागा एकत्र येऊन पोकळी बनते. वस्तुमान तेवढेच, आकारमान मात्र वाढते.

शिवाय पोलाद कठीण होते. ताण दिल्यास विरूपण अरुंद पट्ट्यांत एकवटते आणि पट्टा स्फटिककणाच्या सीमेला भिडतो तेथे भेगेचा धोका वाढतो. भेग पडते का, हे पाहण्यासाठी ४० वर्षे थांबणे परवडत नाही. म्हणून आम्ही गणिती प्रतिमाने रचतो. १९६० मध्ये ब्रुकहेवन येथे व्हिनयार्ड व सहकाऱ्यांनी संगणकावर तांब्याच्या सुमारे ५०० अणूंची हालचाल मांडून या वाटेची सुरुवात केली. तरीही डूनरेचा धडा आम्ही विसरत नाही : पोकळ्या आधी दिसल्या, त्यांचे गणित मागाहून आले.